दंतविभागातील निर्जंतुकीकरण : वेळेचा आणि उपकरणांचा हिशेब

आपल्या रुग्णालयाच्या दंतविभागासंबंधी कार्यालयाकडे वारंवार येणारी तक्रार एकच आहे. खुर्ची रिकामी दिसते, डॉक्टर आत बसलेले आहेत, तरीही पुढच्या रुग्णास बोलावीत नाहीत. परतूर, मानवत रोड या बाजूंनी रेल्वेने आलेल्यांना परतीची गाडी गाठावयाची असते. जिंतूर, पाथरीकडून एस.टी.ने आलेल्यांचीही तीच गत. आठवडी बाजाराच्या दिवशी तर एका हातात भाजीची पिशवी व दुसरा हात दुखऱ्या गालावर, अशा अवस्थेत माणसे तासन्‌तास बाकावर बसून राहतात. त्यांचा राग अकारण आहे असे म्हणता येणार नाही. खिडकीतून त्यांना जे उत्तर मिळते ते असे : "साहित्य तयार व्हावयाचे आहे." या चार शब्दांत नेमके काय सामावले आहे ते अहवालातून सविस्तर मांडावे, असे विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठरले व ते काम माझ्याकडे आले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्राचे शिक्षण मला नाही. शास्त्रीय भाग विभागातील डॉक्टरांनी समजावून सांगितला, तसा मी लिहिला आहे. हिशेबाचा भाग मात्र माझा आहे, आणि लेख पुढे वाचल्यावर ध्यानात येईल की, या विषयात हिशेबाचा वाटा बराच मोठा आहे.

दातांच्या उपचारात रक्त फारसे जात नाही, म्हणून त्यात धोका नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. हिरड्यांना सूज असेल तर नुसते कीटण काढतानाही रक्त येते, आणि तंबाखू-सुपारीची सवय असलेल्या आपल्या भागात निरोगी हिरड्या हा अपवादच म्हणावा लागेल. ते रक्त लाळेत मिसळते, लाळ उपकरणांना लागते. कावीळ 'ब' या रोगाचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवसांपर्यंत संसर्गक्षम राहू शकतो; तो डाग डोळ्यांना दिसेल इतका मोठा असण्याचीही गरज नसते. कावीळ 'क' व एचआयव्ही यांचाही प्रसार रक्तावाटे होतो. यांपैकी कोणत्याही विषाणूचा वाहक असलेला मनुष्य वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो व आपण वाहक आहोत हे बहुधा त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

म्हणूनच, "संशयित रुग्णांसाठी वेगळे साहित्य ठेवता का?" या प्रश्नाचे आमचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते ऐकून काही जण दचकतात. प्रत्येक रुग्ण संसर्गित असू शकतो असे गृहीत धरूनच प्रत्येकाचे साहित्य सारख्याच पद्धतीने तयार करावयाचे, हा आज सर्वमान्य झालेला नियम आहे. एखाद्यासाठी 'वेगळे साहित्य' ठेवणे याचा सरळ अर्थ इतरांच्या साहित्याकडे कमी लक्ष दिले जाते असा होतो. शिवाय एचआयव्हीबाधित व्यक्तीस उपचार नाकारणे किंवा निराळी वागणूक देणे यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने घालून दिलेली उपकरणांची वर्गवारी जगभर वापरली जाते. जे उपकरण त्वचेच्या, हिरडीच्या वा हाडाच्या आत शिरते (दात काढण्याचा चिमटा, एलिव्हेटर, सुई) ते पूर्ण निर्जंतुक असलेच पाहिजे. जे केवळ तोंडातील ओलसर आवरणास स्पर्श करते, उदाहरणार्थ आरसा, तेही उष्णता सहन करीत असेल तर निर्जंतुकच करावे. खुर्चीचा हात, दिव्याची मूठ यांसारख्या वस्तूंना जंतुनाशक द्रावणाने पुसणे अथवा प्लॅस्टिकच्या आवरणाने झाकणे पुरेसे होते.

निर्जंतुक म्हणजे काय, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पूर्वी अनेक दवाखान्यांत स्टोव्हवर पाण्याचे भांडे उकळत असे व त्यात उपकरणे टाकलेली असत. उकळत्या पाण्याचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. त्यात बहुतेक जिवाणू व विषाणू मरतात. परंतु काही जिवाणू प्रतिकूल परिस्थितीत स्वतःभोवती टणक कवच तयार करून बीजाणूच्या रूपात राहतात, ते शंभर अंशांना दाद देत नाहीत. धनुर्वाताचा जंतू याच जातीचा. बीजाणूंचा नाश करण्यासाठी दाबाखालची वाफ लागते. ऑटोक्लेव्ह नावाचे यंत्र हेच करते. १८७९ मध्ये पाश्चरचे सहकारी चार्ल्स शाम्बरलाँ यांनी ते सिद्ध केले, आणि त्याचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरहून वेगळे नाही. दाब वाढला की पाणी १२१ अंशांवर उकळते. त्या तापमानास संपृक्त वाफ पंधरा ते तीस मिनिटे मिळाली, अथवा १३४ अंशांस तीन-चार मिनिटे मिळाली, की काम होते. मात्र कुकरमध्ये डाळ शिजली की नाही हे झाकण उघडून समजते. ऑटोक्लेव्हमधील उपकरण निर्जंतुक झाले की नाही, हे ते पाहून कोणालाही सांगता येत नाही. या एका फरकामुळे पुढची सगळी व्यवस्था करावी लागते.

आत टाकण्यापूर्वी उपकरण घासून स्वच्छ करावे लागते, ही गोष्ट अनेकांना नवीन वाटते. वाळलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली वाफ पोहोचत नाही. मळलेले उपकरण ऑटोक्लेव्हमधून निघाले तरी ते फक्त भाजलेला मळ घेऊन बाहेर येते. धुणे झाले की पुसून वाळविणे, भिंगाखाली पाहणे, पाकिटात बंद करणे, पाकिटावर तारीख व फेरीचा क्रमांक लिहिणे, मग यंत्रात मांडणे. पाकिटे खच्चून भरली तर मधल्यांना वाफ मिळत नाही, म्हणून ती मोकळी मांडावयाची. शेवटी वाळण्याचा अवधी द्यावयाचा. ओले पाकीट निर्जंतुक समजले जात नाही, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरू शकतात.

सर्वांत अवघड उपकरण म्हणजे दात कोरण्याचे एअरोटर. दवाखान्यात बसलेल्या मुलांच्या पोटात ज्या आवाजाने गोळा येतो, तो याचाच. हवेच्या दाबाने ते मिनिटास तीन ते चार लाख फेरे घेते व दात तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवारा सुटतो. डॉक्टर पाय उचलून ते थांबवितात, त्या क्षणी आत किंचित पोकळी निर्माण होऊन टोकाजवळची लाळ व रक्त नळीत ओढले जाऊ शकते. आता हे बाहेरून स्पिरिटने कितीही चकचकीत पुसले, तरी आतील भागास स्पिरिट लागत नाही. पुढच्या रुग्णाच्या तोंडात पहिला फवारा सुटेल तेव्हा आत अडकलेले बाहेर येण्याची शक्यता उरतेच. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने २००३ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत एअरोटर प्रत्येक रुग्णानंतर उष्णतेने निर्जंतुक करावे असे स्पष्ट म्हटले आहे. नळीसारख्या पोकळ उपकरणातील हवा आधी बाहेर खेचून काढणारा ऑटोक्लेव्ह यासाठी अधिक विश्वासाचा, कारण जेथे हवा अडकली तेथे वाफ जात नाही.

आता हिशेब. एका रुग्णास खुर्चीवर सरासरी अर्धा तास लागतो असे धरू. त्यानंतर भिजविणे, धुणे, वाळविणे, तपासणे व पाकीटबंद करणे यांस अर्धा तास, आणि ऑटोक्लेव्ह तापणे, ठरलेला वेळ धरणे, वाळणे व निवणे यांस एक तास. म्हणजे एका रुग्णासाठी उपकरणांचा एक संच दोन तास अडकून पडतो. सकाळची ओपीडी चार तासांची. त्या अवधीत एक संच फार तर दोन रुग्णांना पुरतो. दोन खुर्च्या असतील तर चार तासांत सोळा रुग्ण होतात, त्यांना किमान आठ संच व आठ एअरोटर पाहिजेत. ऑटोक्लेव्ह भरेपर्यंत थांबणे, एखादे उपकरण नादुरुस्त असणे हे जमेस धरले तर दहा. व्यापारात यालाच मालाची उलाढाल म्हणतात. किती माल, किती दिवसांत फिरला, यावरून दुकानाची प्रकृती कळते.

हा हिशेब उलट्या बाजूनेही मांडता येतो व तसा तो मांडला की अधिक बोलका होतो. ज्या ठिकाणी सकाळी सोळा रुग्ण तपासले जातात आणि एअरोटर दोनच आहेत, तेथे एअरोटर केवळ पुसून वापरला जात आहे, हे सांगण्यास डॉक्टर असण्याची आवश्यकता नाही. भागाकार आला तरी पुरे. आमच्याकडेही हा भागाकार एकेकाळी जुळत नव्हता, हे कबूल केले पाहिजे. तो मी प्रथम मांडला तेव्हा विभागाच्या रुग्णसंख्येचा आलेख अहवालात अभिमानाने छापलेला होता. नवी उपकरणे येईपर्यंत दुसरा एकच मार्ग होता, तो म्हणजे रोजचे रुग्ण कमी करणे. धर्मादाय संस्थेत रुग्णसंख्या कमी करण्याची सूचना करणे किती कठीण असते याची कल्पना विश्वस्तांना आहेच. बैठकीत यावर दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. परत पाठविलेला रुग्ण बाजारातील दात काढणाऱ्याकडे जाईल, हा आक्षेप खोटा नव्हता. अखेर ज्यांना वेदना अथवा सूज आहे त्यांना त्याच दिवशी पाहावे व कीटण काढणे, कवळी यांसारख्या थांबू शकणाऱ्या कामांना पुढील तारीख द्यावी, असे ठरले. देणगीदारांविषयी एक गोष्ट येथे सहज आठवते. खोलीवर, पंख्यावर, बाकावर नाव घालता येते. एअरोटरवर ते कोरता येत नाही. तरीही ज्यांनी त्यासाठी रक्कम दिली त्यांचे आभार मानावेत तितके थोडे आहेत.

सेलूसारख्या गावी या कामात आणखी दोन अडचणी येतात. पहिली विजेची. फेरी चालू असताना वीज गेली तर तेवढ्यापुरता वेळ वाढवून चालत नाही. ती फेरी रद्द समजून पहिल्यापासून करावी लागते. बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींना अर्ध्या तासाचा एक तास झालेला दिसतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. दुसरी अडचण पाण्याची. बोअरचे जड पाणी ऑटोक्लेव्हमध्ये घातल्यास आत क्षारांचा पांढरा थर बसतो, झडपा अडकतात व उपकरणांवर डाग पडतात. यंत्राला ऊर्ध्वपातित पाणीच द्यावे लागते. या पाण्याच्या डब्यांचा खर्च जमाखर्चात दरमहा दिसतो. तो कशासाठी, असे एका सभासदांनी विचारले होते, त्याचे हे उत्तर.

यंत्राने काम केले याची खात्री कशी करावयाची? पाकिटावरील पट्टीचा रंग बदलतो, तो फक्त पाकीट तापले होते एवढे सांगतो. त्याहून चांगल्या पट्ट्या वेळ, तापमान व वाफ या तिन्हींची साक्ष देतात. खरी कसोटी बीजाणूंची. उष्णतेस अत्यंत चिवट असलेल्या एका निरुपद्रवी जिवाणूचे बीजाणू बंद नळीत घालून फेरीत ठेवतात, नंतर ते योग्य उबेत ठेवून वाढतात का ते पाहतात. ते मेले असतील तर इतर काही जिवंत राहण्याचा प्रश्न नाही. ही चाचणी आठवड्यातून एकदा करावी असा संकेत आहे. प्रत्येक फेरीची वेळ, तापमान, दाब, पट्टीचा निकाल व करणाऱ्याची सही एका वहीत नोंदविली जाते. दुकानाचा रोजमेळ जसा त्याच दिवशी लिहिला पाहिजे, दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेला रोजमेळ हा रोजमेळ नसतो, तसेच या वहीचे आहे. प्रारंभी महिन्याच्या अखेरीस सर्व रकाने एकाच शाईने भरलेले आढळले. आता मी मधूनच जाऊन वही पाहतो.

या सर्व काळजीला एक लहानशी फट कशी पुरते, याचे आपल्या देशातील उदाहरण तामिळनाडूतील आहे. २०२२-२३ मध्ये त्या राज्याच्या उत्तर भागातील जिल्ह्यांत मेंदूच्या एका दुर्मिळ जंतुसंसर्गाचे एकवीस रुग्ण आढळले. माती व पाण्यात राहणारा बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई हा जंतू त्यास कारण होता. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या व इतर संस्थांच्या संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा त्यांपैकी दहा जणांचा संबंध वाणियंबाडी येथील एकाच दंतचिकित्सालयाशी जुळला. या दहांपैकी आठ दगावले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात जे कारण पुढे आले ते वाचून मन सुन्न होते. जखम धुण्यासाठी वापरावयाच्या सलाईनच्या बाटलीचे झाकण हिरडी सोडविण्याच्या उपकरणाने उघडले जात असे, नंतर तोंड सैलसर कापसाने झाकून तीच बाटली संपेपर्यंत रुग्णांमागून रुग्णांना वापरली जात असे. सलाईनची बाटली ही वैद्यकीय साहित्यातील अगदी स्वस्त वस्तूंपैकी एक.

तो निबंध विभागातील डॉक्टरांनी मला दाखविला त्या दिवशी आम्ही आपल्या विभागाची कपाटे उघडून पाहिली. उघडलेली बाटली आपल्याकडेही होती. झाकण नीट होते, त्यावर तारीख नव्हती. त्यानंतर लहान बाटल्या मागविल्या जातात व उरलेले सलाईन रुग्ण खुर्चीवरून उठताच टाकले जाते. खरेदीच्या खात्यावर त्यामुळे वाढ दिसेल. हेच बधिर करण्याच्या औषधाबाबत. लिग्नोकेनची तीस मिलिलिटरची कुपी अनेक रुग्णांना पुरते, म्हणून ती स्वस्त पडते. पण एकदा रुग्णास टोचलेली सुई वा सिरिंज पुन्हा त्या कुपीत गेली तर पुढच्या सर्वांना धोका. दर वेळी नवी सुई व नवी सिरिंज, कुपीच्या बुचात सुई खोचून ठेवावयाची नाही, उघडल्याची तारीख लिहावयाची, हे नियम भिंतीवर लावले आहेत. एकेका रुग्णापुरत्या काडतुसांचा वापर अधिक सुरक्षित असला तरी महाग आहे. त्याविषयीचा प्रस्ताव मंडळापुढे ठेवला आहे.

खुर्चीला जोडलेल्या बारीक नळ्यांतील पाण्याकडेही लक्ष द्यावे लागते. रात्रभर पाणी साचून राहिले की नळीच्या आतील बाजूस जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. २०११ मध्ये इटलीत एका ८२ वर्षांच्या महिलेस अशाच नळीतील पाण्यातून लीजनेला जंतूचा न्युमोनिया होऊन मृत्यू आला. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे व प्रत्येक रुग्णानंतर वीस ते तीस सेकंद पाणी सोडून द्यावयाचे, शिवाय ठरावीक काळाने नळ्यांत जंतुनाशक फिरवावयाचे. उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणाऱ्या आपल्या भागातील मनुष्यास हे पाणी वाया घालविणे वाटते. एका वयोवृद्ध रुग्णांनी त्याबद्दल मला ऐकविलेही.

संसर्गाची दिशा रुग्णाकडून कर्मचाऱ्याकडेही असते, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. काही वर्षांपूर्वी विभागात साफसफाई करणाऱ्या मावशींना कापसाच्या बोळ्यांत टाकलेली सुई टोचली. सुई कोणत्या रुग्णाची, हे कळण्यास मार्ग नव्हता. कावीळ 'ब' ची लस त्यांना दिलेली नव्हती. कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची रक्कम त्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून पुढील वर्षावर ढकलण्याची टिपणी माझ्या हातची होती. मावशींना त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात नेले. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तो दोन तासांच्या आत व फार तर ७२ तासांपर्यंत सुरू करावे लागते. कावीळ 'ब' वरील तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन दुसऱ्या शहरातून आणविले. मग रक्ताच्या तपासण्या, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. त्या मुदतीत मावशी रोज कामावर येत असत व रोज एकदा कार्यालयाच्या दारात उभ्या राहून विचारीत, "साहेब, कागद आला का?" सर्व तपासण्या निर्दोष आल्या. टोचलेल्या सुईतून अलसीकृत माणसास कावीळ 'ब' होण्याचा धोका रुग्णाच्या स्थितीनुसार शेकडा ६ ते ३० इतका असतो, हे मला त्यानंतर कळले.

आता विभागात काम करणाऱ्या प्रत्येकास, रोजंदारीवरील असला तरी, लसीचे तीन डोस रुजू होतानाच सुरू केले जातात व शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिकारशक्ती आली का हे रक्त तपासून पाहिले जाते. सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसविण्यास बंदी आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस व काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे व सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात जातात. कवळीसाठी घेतलेला तोंडाचा ठसा प्रयोगशाळेकडे पाठविण्यापूर्वी धुऊन जंतुनाशकातून काढला जातो. २०२० मध्ये करोनाच्या काळात फवाऱ्याच्या भीतीने देशभरातील दंतचिकित्सा तातडीच्या कामांपुरती उरली होती. त्या वेळी सुरू झालेली उपचारापूर्वीची चूळ, जोरकस सक्शन व उघड्या खिडक्या यांची सवय आम्ही पुढे चालू ठेवली आहे.

रुग्णांनी व नातेवाइकांनी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. खुर्चीवर बसल्यानंतर उपकरणांचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते की नाही ते पाहावे. आधीच उघडलेले आढळल्यास दुसरे मागावे, त्यात कोणाचाही अवमान होत नाही. दुपारच्या गाडीने परतावयाचे असल्यास नाव नोंदविताना तसे सांगावे, म्हणजे पहिल्या फेरीतील संच त्यांच्यासाठी राखून ठेवता येतो. निर्जंतुकीकरणाची वही नोंदणी खिडकीपाशीच ठेवलेली असून ती मागणाऱ्या कोणासही कामकाजाच्या वेळेत दाखविली जाते.